मेलेल्या सर्व्हरचं लॉक आणि बंद पडलेला काटा

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यातलं हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. तांत्रिक क्रम आणि निर्णय मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत.

गाळप हंगाम ऐन भरात होता, जानेवारी महिना. हंगामात काटा चोवीस तास चालतो. भरलेली ट्रॉली काट्यावर येते, वजन नोंदलं जातं, गाडी यार्डात नंबर लावते, गव्हाणीवर ऊस खाली होतो आणि परतताना रिकामं वजन होतं. दोन्हींतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. या दोन वजनांमध्ये कधी तासभर जातो, कधी पाच-सहा तास. म्हणजे कुठल्याही क्षणी यार्डात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीची अर्धी नोंद डेटाबेसमध्ये असते आणि अर्धी व्हायची असते. पुढचे सगळे निर्णय याच गोष्टीवर फिरले. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि त्या बिलाचा पाया म्हणजे काट्याची नोंद.

काट्याचं सॉफ्टवेअर एका व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकावर, होतं. आत लिनक्स आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस, दोन डिस्क: एक डेटाची, दुसरी डेटाबेसच्या वॉल लॉगची, म्हणजे प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो त्या नोंदवहीची. खाली तीन सर्व्हरचा सेफ (Ceph) क्लस्टर, म्हणजे डेटाच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवणारी साठवण व्यवस्था, पॅसिफिक आवृत्ती (१६). त्याच तीन सर्व्हरवर मॉनिटर (क्लस्टरची स्थिती आणि परवानग्या सांभाळणारे), ओएसडी (प्रत्यक्ष डिस्कवर डेटा लिहिणारे) आणि लिबव्हर्ट या सॉफ्टवेअरने चालवलेली व्हर्च्युअल मशीन्स. प्रत्येक डेटाच्या तीन प्रती, किमान दोन असल्या तरी लिहिणं चालू राहील अशी सेटिंग. क्लस्टर बऱ्याच वर्षांपूर्वी ज्वेल आवृत्तीवर उभा राहिला होता आणि टप्प्याटप्प्याने वर आणला होता. लिबव्हर्टसाठी तेव्हा बनवलेली किल्ली, म्हणजे सेफमध्ये शिरायचं ओळखपत्र आणि त्यावरच्या परवानग्या, मात्र तशीच राहिली होती.

बॅकअपची दोन वेळापत्रकं होती. पहिलं जुनं: बॅकअप सर्व्हरवरून रोज रात्री १२ वाजता दोन्ही डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची प्रत, घ्यायचा आणि आदल्या स्नॅपशॉटपासूनचा फरक बाहेर उतरवायचा. दुसरं हंगामाच्या तोंडावर नोव्हेंबरात लावलेलं: पहिल्या सर्व्हरवरून दर सहा तासांनी स्नॅपशॉट, फक्त क्लस्टरवरच. दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी लावली. एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

अडचण

रात्री १ वाजून ५० मिनिटांनी वीजपुरवठा एका स्रोतावरून दुसऱ्यावर जाताना यूपीएसची बॅटरी बसली आणि दुसरा सर्व्हर बंद पडला. त्याचे दोन्ही पॉवर सप्लाय एकाच यूपीएसवर होते. काट्याचं मशीन त्याच सर्व्हरवर होतं.

क्लस्टरचं म्हणाल तर काहीच बिघडलं नाही. तीनपैकी दोन मॉनिटर शाबूत, दोन प्रती शाबूत, लिहिणं-वाचणं चालू. रात्रपाळीच्या संगणक विभागातल्या माणसाने काट्याचं मशीन पहिल्या सर्व्हरवर सुरू केलं. हे त्याने आधी बऱ्याचदा केलेलं होतं, कारण देखभालीच्या वेळी मशीन इकडून तिकडे हलवायची पद्धत होती. मशीन उठलं, कर्नल लोड झालं आणि डिस्कवर पहिलं काही लिहायची वेळ येताच इनपुट-आउटपुट एरर. फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती उघडली, पोस्टग्रेस उठेना. पुन्हा सुरू केलं तरी तेच.

काट्यावर तोवर रांग लागली होती. काटा क्लार्कने इंडिकेटरवरचं वजन बघून हाताने पावत्या लिहायला घेतल्या.

डिस्क खराब झाली, असाच पहिला समज झाला. लक्षणं तशीच दिसतात. मुळात डिस्क ठणठणीत होती, अडचण लॉकची होती.

आरबीडी डिस्कवर, म्हणजे सेफकडून मशीनला मिळणाऱ्या आभासी डिस्कवर, एक्सक्लुझिव्ह लॉक असतं. डिस्कवर लिहिणारा क्लायंट ते घेतो आणि त्याच वेळी डिस्कच्या हेडरवर वॉच, म्हणजे आपण हजर असल्याची नोंद, लावून बसतो. दुसऱ्या क्लायंटला लिहायचं असेल तर तो लॉक मागतो आणि पहिला जिवंत असेल तर निमूट सोडतो. पहिला मेला असेल तर ३० सेकंदांत त्याचा वॉच गळून पडतो, पण लॉकची नोंद डिस्कवर तशीच राहते. मग नव्या क्लायंटने आधी जुन्याला ब्लॉकलिस्टमध्ये टाकायचं, म्हणजे तो चुकून जिवंत निघाला तरी ओएसडी त्याचं लिखाण स्वीकारणार नाहीत, आणि नंतर लॉक तोडायचं. हे सगळं लायब्ररी आपोआप करते. अट एकच: क्लायंटच्या किल्लीला ब्लॉकलिस्ट करायची परवानगी हवी.

ज्वेलच्या काळातल्या किल्लीला मॉनिटरवर फक्त वाचायची परवानगी होती. ल्युमिनसवर, म्हणजे १२ वर, जाण्याआधी किल्ल्यांच्या परवानग्या सुधारा, अशी सूचना त्या आवृत्तीच्या टिपणांत स्पष्ट होती. इथे ती राहून गेली. आणि राहून गेल्याचं कुणाच्या लक्षात येणं शक्यही नव्हतं. चालू मशीन हलवताना जुना मालक जिवंत असतो आणि लॉक आपणहून सोडतो. ब्लॉकलिस्टची वेळच येत नाही. ती येते मशीन चालू असताना सर्व्हर मेला तरच. कारखान्यात तसं पहिल्यांदाच घडलं.

२ वाजून २० मिनिटांनी सांगलीहून फोनवर मदतीला घेतलेल्या सिस्टिम इंजिनिअरने लिबव्हर्टचा लॉग वाचून दाखवायला सांगितला. लॉकच्या मालकाला ब्लॉकलिस्ट करता आलं नाही, परवानगी नाकारली, अशी ओळ त्यात होती. फाइल सिस्टिमच्या एरर त्याच्या खाली, त्याचा परिणाम म्हणून. लॉगमधली सगळ्यात वरची तक्रार आधी वाचायची, हा साधा नियम इथे अर्धा तास वाचवून गेला.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला: दुसरा सर्व्हर परत उठेपर्यंत थांबायचं. तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात निर्धोक वाटणारा पर्याय, पण यूपीएसचं नेमकं काय झालंय हे तेव्हा कळलेलं नव्हतं. यार्डातला ऊस वाळतो, गव्हाण रिकामी पडली की मिल थांबते, आणि हाताने लिहिलेल्या पावत्या जितक्या वाढतील तितकी सकाळची जुळवाजुळव वाढते.

दुसरा: डिस्क तिसऱ्या सर्व्हरवर अॅडमिनच्या किल्लीने जोडून एफएसके, म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारा आदेश, चालवायचं. हा हट्ट रात्रपाळीकडून येत होता आणि तोच सगळ्यात धोक्याचा होता. अॅडमिनच्या किल्लीला सगळे अधिकार असतात, त्यामुळे लिहायला सुरुवात होताच लॉक गपचूप तुटलं असतं. जुना मालक खरंच मेलाय का, हे न बघता. शिवाय दुरुस्तीची गरज नसलेल्या फाइल सिस्टिमवर दुरुस्ती चालली असती.

तिसरा: रात्री १२ च्या स्नॅपशॉटवरून नवी डिस्क काढायची आणि त्यावर मशीन उठवायचं. झटपट आणि स्वच्छ. पण १२ ते १.५० मधली सगळी वजनं गेली असती. त्या वेळात भरलेलं वजन झालेल्या गाड्या यार्डात उभ्या होत्या. त्यांची रिकामी वजनं आता कशातून वजा करायची? पावती शेतकऱ्याच्या हातात आणि नोंद कारखान्याकडे नाही, ही अवस्था काटा बंद राहण्यापेक्षा वाईट. म्हणून हा पर्याय शेवटचा आधार म्हणून राखून ठेवला.

त्याच वेळी बाहेरचा बॅकअप बघितला गेला. त्यातली शेवटची फाइल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली निघाली. त्याबद्दल पुढे.

चौथा: जुना मालक मेलाय याची खात्री करून घ्यायची, त्याला ब्लॉकलिस्ट करायचं, लॉक काढायचं आणि आहे त्याच डिस्कवर मशीन उठवायचं. हाच निवडला.

खरा निर्णय: मेलाय हे कशावरून?

लॉक काढायला एक आदेश पुरतो. वेळ गेला तो खात्री करण्यात, आणि तो तिथेच जायला हवा होता.

आरबीडी स्टेटस आदेशाने दुसऱ्या सर्व्हरचा वॉच नाही असं दाखवलं. पिंगला उत्तर नाही. हे दोन्ही पुरावे कच्चे आहेत. स्विचचा पोर्ट गेला तरी नेमकं हेच दिसतं आणि आत मशीन चालूच असतं. म्हणून वायरमनला सर्व्हर रूममध्ये पाठवलं.

फोनवरचं बोलणं साधारण असं झालं:

“मामा, मधल्या सर्व्हरचा पुढचा दिवा कसाय?”

“हिरवा लुकलुकतोय की साहेब. यूपीएस आत्ताच चालू केला मी.”

“मागं दोन वायरी आहेत बघा. दोन्ही काढा. एक काढून भागणार नाही.”

“काढल्या. गेला दिवा.”

यूपीएस परत चालू झाल्यावर सर्व्हर आपोआप उठायला लागला होता आणि मेमरी तपासणीत होता. बायोसमध्ये वीज आली की सुरू हो अशी सेटिंग, आणि लिबव्हर्टमध्ये काट्याच्या मशीनला ऑटोस्टार्ट. आणखी पाच-सात मिनिटांत तिथेही काट्याचं मशीन उभं राहिलं असतं आणि पहिल्या सर्व्हरवरही.

एक्सक्लुझिव्ह लॉक असताना दोन मशीन्स एका डिस्कवर कशी चालतील, असं वाटू शकतं. चालतात. लॉक मागितलं की सोडायचं, हा त्याचा मूळ स्वभाव. दोन जिवंत क्लायंट ते एकमेकांकडे फेकत राहतात आणि दोघंही लिहितात. ते लॉक डिस्कच्या मेटाडेटाचं रक्षण करतं. आतल्या एक्सटी-४ या फाइल सिस्टिमला दुसरा कुणी लिहितोय हे कळत नाही आणि थोड्या वेळात तिचा चुथडा होतो. दोन ठिकाणी मशीन चालू न देणं हे काम वरच्या थराचं, आणि इथे वरचा थर म्हणजे वायरमनचे दोन हात.

केलेली कार्यवाही

सगळ्यात आधी दोन्ही बॅकअप वेळापत्रकं थांबवली. सहा तासांचं वेळापत्रक अॅडमिनच्या किल्लीने चालत होतं. स्नॅपशॉट घेतानाही लॉक लागतं. मालक जिवंत असेल तर विनंती त्याच्याकडे जाते; नसेल तर लॉक तोडलं जातं. म्हणजे सकाळी ६ वाजता, कुणाच्याही देखरेखीविना, तेच काम क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी जॉब चालवणाऱ्या सोयीने, उरकलं असतं. तेव्हा ते बरोबर ठरलंही असतं. पण नेटवर्क अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त अडखळून चालू मशीनचा वॉच सुटला असेल आणि नेमका तेव्हाच स्नॅपशॉटचा जॉब आला, तर धडधाकट मशीन ब्लॉकलिस्टमध्ये जाऊ शकतं.

मग पहिल्या सर्व्हरवरचं अर्धवट उठलेलं मशीन पूर्ण बंद केलं आणि दोन्ही डिस्कवर एकही वॉच उरला नाही हे पाहिलं. लॉकची यादी काढून मालकाचा क्लायंट क्रमांक, लॉकची ओळख आणि पत्ता कागदावर उतरवला. लॉकची ओळख ‘ऑटो’ या शब्दाने सुरू होते आणि मध्ये रिकामी जागा असते. आदेशात ती अवतरणचिन्हांत घातली नाही तर लॉक सापडत नाही असा गोंधळात टाकणारा एरर येतो.

ब्लॉकलिस्टमध्ये पूर्ण पत्ता टाकला: आयपी, पोर्ट आणि तिरक्या रेघेनंतरचा आकडा, जो त्या एका क्लायंटचा असतो. नुसता आयपी टाकला असता तर त्या सर्व्हरवरचे सगळेच क्लायंट अडले असते आणि तो परत आल्यावर मूळ मुदत, म्हणजे एक तास, संपेपर्यंत दुसरीच डोकेदुखी झाली असती. त्यानंतर अॅडमिनच्या किल्लीने दोन्ही डिस्कचं लॉक काढलं. लॉक तोडताना लायब्ररी मूळ सेटिंगप्रमाणे स्वतःही ब्लॉकलिस्ट करते. तरी आधी हाताने करून यादीत दिसल्याची खात्री केली. यात मिनिटभर जातं, ते जाऊ द्यावं.

लॉक सुटल्यावर, मशीन उठवण्याआधी, दोन्ही डिस्कचा एक ग्रुप स्नॅपशॉट घेतला. पुढे काही बिघडलं तर निदान या क्षणापर्यंत परत येता यावं म्हणून.

किल्लीची दुरुस्ती यानंतर. सेफमध्ये परवानग्या बदलणारा आदेश जुन्यात भर घालत नाही, जुन्या पुसून नव्या लिहितो. म्हणून आधी आहे ती किल्ली पूर्ण छापून घेतली, मग मॉनिटर आणि ओएसडी दोन्हींसाठी ‘प्रोफाइल आरबीडी’, म्हणजे आरबीडीला लागणाऱ्या परवानग्यांचा तयार संच, दिली, ओएसडीच्या बाजूला पूलचं (डिस्क ज्या साठ्यात आहेत त्याचं) नाव लावून. घाईत फक्त मॉनिटरचा भाग लिहिला असता तर ओएसडीच्या परवानग्या उडून सगळीच मशीन्स अडचणीत आली असती.

३ वाजून २५ मिनिटांनी मशीन उठलं. एक्सटी-४ ने जर्नल वाचून घेतलं, पोस्टग्रेसने वॉलमधून स्वतःला सावरलं. एफएसके लागलंच नाही.

दुसऱ्या सर्व्हरला वीज देताना तो आधी रेस्क्यू मोडमध्ये उठवला, काट्याच्या मशीनची ऑटोस्टार्टची लिंक काढली आणि मगच नेहमीसारखा सुरू केला. तो बंद असेपर्यंत डेटा हलू नये म्हणून नोआउट लावायची सूचना मध्येच कुणीतरी केली होती. तीन सर्व्हर आणि तीन प्रती असताना एक गेला तर डेटा हलायला चौथी जागाच नसते, त्यामुळे त्याने फरक पडत नव्हता.

दुसरं अडकलेलं लॉक

सकाळी बॅकअपचा तपास झाला. रात्रीच्या स्क्रिप्टची पद्धत अशी होती: सुरू होताना एक फाइल तयार करायची, संपताना पुसायची आणि सुरुवातीला ती फाइल दिसली तर आधीचा जॉब चालू आहे असं समजून बाहेर पडायचं. डिसेंबरच्या सुरुवातीला डेटा उतरत असतानाच बॅकअप सर्व्हर रीस्टार्ट केला गेला. फाइल राहिली. त्या रात्रीपासून स्क्रिप्ट रोज वेळेवर सुरू होत होती, फाइल बघत होती आणि शून्य एक्झिट कोड, म्हणजे सगळं ठीक असल्याची खूण, देऊन संपत होती. क्रॉनच्या दृष्टीने सगळं यशस्वी.

डिस्कवरच्या लॉकने निदान काटा बंद पाडून ओरड तरी केली. हे महिनाभर गप्प होतं, म्हणून आम्ही याला जास्त गंभीर धरतो.

फाइल पुसूनही बॅकअप सुरू होईना. फरक काढायला आदला स्नॅपशॉट पाया म्हणून लागतो आणि तो जागेवर नव्हता. सहा तासांच्या स्क्रिप्टमध्ये डेटा डिस्कवरचे शेवटचे आठ सोडून बाकी सगळे स्नॅपशॉट काढा, अशी ओळ होती. कुणाचे ते बघितलं जात नव्हतं.

तिसरा गुंता नोव्हेंबरच्या लॉगमध्ये सापडला. रात्री १२ ला दोन्ही जॉब एकदम चालायचे. दोघंही मशीनच्या आत चालणाऱ्या क्यूईएमयू गेस्ट एजंटमार्फत फाइल सिस्टिम गोठवायचे, म्हणजे तिच्यावरचं लिहिणं थांबवायचे, दोन्ही डिस्कचे स्नॅपशॉट पाठोपाठ घ्यायचे आणि मोकळी करायचे. डेटा आणि वॉल वेगळ्या डिस्कवर असतील तर दोन्ही स्नॅपशॉट एकाच क्षणाचे असावे लागतात. गोठवलेल्या अवस्थेत पाठोपाठ घेतले तरी चालतं, कारण मध्ये काही लिहिलं जात नाही. पहिला जॉब गोठवायचा. दुसऱ्याला एजंट नकार द्यायचा, कारण फाइल सिस्टिम आधीच गोठलेली. मग दुसरा जॉब एरर घेऊन बाहेर पडताना शिस्तीत आवराआवर करायचा, म्हणजे मोकळी करायचा आदेश द्यायचा. त्याने स्वतः गोठवलेलं नसायचं, तरी आदेश मानला जायचा. पहिल्याचा एक स्नॅपशॉट झालेला, दुसरा व्हायचा आणि मध्ये पोस्टग्रेस लिहायला मोकळा. त्या रात्रींचे स्नॅपशॉट दिसायला पूर्ण, पण परत उठवताना दगा देऊ शकतील असे.

परिणाम

काटा दीड तासाच्या वर बंद राहिला. हाताने लिहिलेल्या पावत्या सकाळी दोन माणसांनी, एकाने वाचून आणि दुसऱ्याने टाकून, भरल्या. जुळवताना तीन पावत्या अशा निघाल्या की ज्या छापल्या गेल्या होत्या पण डेटाबेसमध्ये नव्हत्या. काट्याचा प्रोग्राम आधी पावती छापायचा आणि मग कमिट, म्हणजे डेटाबेसमध्ये नोंद पक्की, करायचा. सर्व्हर नेमका त्या फटीत गेला. दुसऱ्या काट्यावर आणि गेटवर लिहून घेतलेल्या नंबरांशी ताडून त्या नोंदी शेतकी विभागाच्या सहीने घातल्या. क्रम आता उलटा केला आहे.

साफसफाईत एक ठेच लागली. सहा तासांची स्क्रिप्ट डेटा डिस्कवरचे जुने स्नॅपशॉट काढत होती, वॉल डिस्कवरचे नाही. तिथे दोनशेच्या वर साचले होते. वॉलची डिस्क सतत नव्याने लिहिली जाते, त्यामुळे प्रत्येक स्नॅपशॉटमागे अडकलेली जागा मोठी. ते दुपारी एका झटक्यात काढले. आदेश पटकन संपला, पण खरं काम नंतर ओएसडी करतात. स्नॅपट्रिममध्ये, म्हणजे काढलेल्या स्नॅपशॉटची जागा मोकळी करण्यात, डिस्क गुंतल्या आणि काट्यावर पावती छापायला वेळ लागू लागला. नोस्नॅपट्रिम लावून ते थांबवलं, ट्रिमच्या मधली विश्रांती वाढवली आणि गाड्या कमी असताना थोडं थोडं उरकलं.

काय बदललं, काय वेगळं करता आलं असतं

दोन यंत्रांवरच्या जॉबना एकमेकांपासून दूर ठेवायला क्लस्टरमध्येच मुदतीचं लॉक घेता येतं. सेफच्या पायाच्या थरात, रॅडॉसमध्ये, तशी सोय आहे. पण डेटा उतरायला मुदतीपेक्षा जास्त वेळ लागला तर काय, मध्येच नूतनीकरण चुकलं तर काय, हे प्रश्न मागे लागतात. इतक्या छोट्या क्लस्टरला ते पेलायची गरज नाही असं ठरलं. स्नॅपशॉट आता फक्त बॅकअप सर्व्हरवरून निघतात, एकाच वेळापत्रकाने. एका यंत्रावर साधं एफलॉक, म्हणजे कर्नलचं फाइलवरचं लॉक, पुरतं: प्रोसेस मेली की कर्नल ते सोडतो, रीस्टार्टनंतर काही उरत नाही. प्रोसेस क्रमांक फाइलमध्ये लिहून तपासायची पद्धत मुद्दाम टाळली, कारण रीस्टार्टनंतर तोच क्रमांक भलत्याच प्रोसेसला मिळू शकतो.

लॉक मिळालं नाही तर स्क्रिप्ट आता एरर कोड देते. त्याहून उपयोगी बदल असा की इशारा जॉब फसला का यावर नाही, तर बाहेर उतरलेल्या शेवटच्या फाइलचं वय ३० तासांपुढे गेलं का यावर आहे. स्नॅपशॉटच्या नावात उपसर्ग आहे आणि साफसफाई आपल्या उपसर्गापुरतीच चालते. पायाचा स्नॅपशॉट प्रोटेक्ट केलेला असतो, त्यामुळे कुणी सरसकट काढायला गेलं तरी तो निघत नाही. ज्या जॉबने गोठवलं त्यानेच मोकळं करायचं, म्हणून गोठवणं यशस्वी झाल्यावरच आवराआवरीची ओळ लागू होते.

वेगळं काय करता आलं असतं? हंगामाआधी, ऑक्टोबरात, चालू मशीनसकट एका सर्व्हरची वायर ओढून बघितली असती तर किल्लीचा दोष तेव्हाच दिसला असता. मशीन हलवून बघण्याची चाचणी त्यासाठी निरुपयोगी आहे. आणि मदतीचा फोन करण्याआधी वेळापत्रकं थांबवायला हवी होती. ती नंतर थांबली, ६ वाजायला अवकाश होता म्हणून निभावलं.

सर्व्हरची वीज दुरून तोडायची सोय तिन्ही यंत्रांत आहे, पण तिचं नेटवर्क त्याच यूपीएसवरच्या स्विचमधून जातं. तो स्विच वेगळ्या पुरवठ्यावर नेल्याशिवाय आपोआप फेन्सिंग, म्हणजे प्रतिसाद न देणाऱ्या सर्व्हरची वीज तोडणं, चालू करायचं नाही असं ठरलं आहे. तोवर सर्व्हर रूमच्या दाराला आतून एक कागद लावलाय: कोणत्या सर्व्हरच्या कोणत्या दोन वायरी, आणि काढल्यावर कुणाला फोन करायचा.